मदत हवी आहे: जळगाव-धुळे सर्व्हर मिररिंग
नमस्कार मंडळी. आमचं केळी खरेदीचं काम रावेरला, हिशेबाचा सर्व्हर जळगावात. त्याचा २ टीबीचा व्हॉल्यूम डीआरबीडी ९ (नेटवर्कवरून डिस्कची हुबेहूब प्रत ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरून धुळ्याच्या सर्व्हरवर मिरर करतोय. प्रोटोकॉल 'सी' आहे, म्हणजे धुळ्याच्या डिस्कवर लिहून झाल्याशिवाय इकडची नोंद पूर्ण होत नाही. संध्याकाळी लाइन मंदावली की बिलिंग अडकतं. धुळ्याच्या उत्तरासाठी न थांबणारा प्रोटोकॉल 'ए' लावला तर वेग येईल, पण जळगावचा सर्व्हर अचानक पडला तर वाटेतल्या शेवटच्या नोंदी जातील. त्या शेतकऱ्यांच्या पैशांच्या आहेत, म्हणून हिंमत होत नाही.

त्यात मागच्या आठवड्यात लाइन तुटली आणि दोन्हीकडे प्रायमरी (नोंदी लिहून घेणारा मुख्य सर्व्हर) झालं. स्प्लिट-ब्रेन, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळा डेटा! एका बाजूचा डेटा टाकावा लागला, दिवसभराच्या पावत्या हाताने पुन्हा भरल्या.

फक्त कोरमसाठी (लाइन तुटली तर कोणी लिहायचं हे बहुमताने ठरावं म्हणून) तिसरा डिस्कलेस नोड, म्हणजे डेटा न ठेवणारा सर्व्हर, भुसावळला ठेवायचा विचार आहे. कोणी असं चालवतंय का? सेटिंग कृपया सांगा.