माने-बडोदेकर कुटुंबातील तालीम: हिराबाई नेमक्या कोणाकडून शिकल्या?

प्रश्न: शुद्धकल्याण

नमस्कार मंडळी. माझी मुलगी गेली काही वर्षे किराणा घराण्याची गायकी शिकत आहे. अलीकडे एका मैफलीनंतरच्या गप्पांत एका ज्येष्ठ श्रोत्यांनी तिला असे सांगितले की, घराण्याचे खरे गाणे रक्ताच्या वारसांनाच मिळते आणि बाहेरून आलेल्या शिष्यांच्या हाती त्याचे वरवरचे रूप तेवढे लागते. उदाहरण म्हणून त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचे नाव घेतले. मुलगी तेव्हापासून थोडी खट्टू झाली आहे.

मी माझ्या परीने वाचून पाहिले, तेव्हा हे उदाहरणच मला सरळ दिसेना. खाँसाहेब आणि ताराबाई माने 1922 च्या सुमारास विभक्त झाले आणि पाचही मुले आईकडे राहिली. पुढे ही भावंडे सुरेशबाबू माने, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई राणे या नावांनी ओळखली गेली. म्हणजे वडिलांचे नावही मुलांनी लावले नाही. असे असताना हिराबाईंच्या स्वरलगावात, म्हणजे स्वर लावण्याच्या ढंगात, खाँसाहेबांची छाया दिसते, असे जाणकार आजही म्हणतात. ही छाया आली कोठून? त्यांना प्रत्यक्ष तालीम कोणी दिली? या कुटुंबात शिकवण्याची पद्धत काय होती आणि घराबाहेरच्या शिष्यांना ती तशीच मिळाली का? ज्यांनी या परंपरेत शिक्षण घेतले आहे किंवा जुन्या मंडळींकडून काही ऐकले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1: मिरजेचा_रहिवासी

ताई, आपली शंका अगदी रास्त आहे. ज्या उदाहरणाचा आधार घेऊन आपल्या मुलीला ते सांगितले गेले, ते उदाहरण नीट पाहिले तर उलटीच साक्ष देते.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतील कैरान्याचे (याच गावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले), जन्म 1872 चा. बडोद्याच्या दरबारात असताना त्यांची आणि सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांची भेट झाली आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढचे सारे आयुष्य मुंबई, पुणे, मिरज आणि कर्नाटकाच्या वाटेवर गेले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, तेव्हा सुरेशबाबू अकरा वर्षांचे होते आणि हिराबाई आठ वर्षांच्या. विद्यालयातील मुले गुरूच्या सहवासात राहूनच शिकत, त्यामुळे सकाळच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, रियाजापासून रात्रीच्या तालमीपर्यंत गाणे सतत कानांवर पडत राहणार, हे ओघाने आलेच. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम समोर बसवून मिळाली. मुलींच्या बाबतीत मात्र खाँसाहेबांची इच्छा तशी नव्हती, असेच जुने लोक सांगत आले आहेत. त्या काळात बाईने बैठकीत गाणे म्हणजे काय समजले जाई, हे लक्षात घेतले तर एका बापाच्या मनातील धास्ती समजू शकते.

मुलींनी गावे हा निर्णय ताराबाईंचा. मला या सर्व हकिकतीत सर्वांत मोठे माणूस त्या वाटतात आणि त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे ते फारच थोडे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पाच मुलांची जबाबदारी असलेल्या त्या बाईंनी मुलांची नावे बदलली, त्यांचे गाणे मात्र थांबू दिले नाही. हिराबाईंना पहिली तालीम थोरल्या भावाकडून मिळाली आणि नंतर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. वहीद खाँ हे करीम खाँसाहेबांचे नातलग आणि किराणा घराण्याचेच दुसरे थोर गवई होते. झुमऱ्यासारख्या तालात अतिविलंबित लयीत एकेक स्वर उलगडत जाणारी त्यांची बढत पुढे उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्यांनाही प्रेरक ठरली. म्हणजे हिराबाईंच्या गाण्यात स्वरलगावाची जी हळुवार ठेवण आहे, ती बालपणीच्या घरातून आणि भावाच्या मार्फत आली, आणि रागविस्ताराची शिस्त वहीद खाँ यांच्याकडून आली, असे मी मानतो. सरस्वतीबाई सर्वांत धाकट्या. त्यांना भाऊ आणि बहीण असे दोन गुरू घरातच लाभले आणि पुढे त्या इतर घराण्यांच्या बुजुर्गांकडेही शिकल्या. या घरात विद्या आडवी गेली, भावाकडून बहिणीकडे आणि बहिणीकडून बहिणीकडे.

खाँसाहेब 1937 मध्ये पाँडिचेरीच्या प्रवासात, सिंगपेरुमल कोइल या छोट्याशा स्थानकावर निवर्तले. त्यांना येथे मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे रात्रभर गाणे होते. बिदागी न घेता हजेरी लावणारे मोठमोठे कलावंत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या व्यासपीठावर गाणाऱ्यांपैकी खाँसाहेबांशी रक्ताचे नाते असलेले किती असतील? तरीही किराण्याचे गाणे तेथे वर्षानुवर्षे ऐकू येते.

उत्तर 2: अठ्ठ्याहत्तर_फेरे

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त एक भर घालावीशी वाटते, कारण आपण जेव्हा "वडिलांची छाया" म्हणतो, तेव्हा ती कोणत्या पुराव्यावरून म्हणतो, हेही पाहायला हवे.

खाँसाहेबांच्या ज्या ध्वनिमुद्रिका आज घरोघरी ऐकल्या जातात, त्यांतील बहुतेक त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतील आहेत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. जो गवई मैफलीत एका निषादावर श्रोत्यांना खिळवून ठेवत असे, त्याला तेवढ्या वेळात मुखडा, थोडी आलापी, सरगम (सा-रे-ग-म अशी स्वरांची नावे घेत केलेले गायन) आणि काही ताना असे सारे आवरते घ्यावे लागे. झिंझोटीतील त्यांची प्रसिद्ध ठुमरी ऐका. आवाज बारीक, टोकदार आणि उंच पट्टीतला आहे, पण स्वर कोठेही आदळत नाही. आधीच्या स्वराच्या पोटातून निघाल्यासारखा तो अलगद वर येतो. हिराबाईंची कोणतीही ठुमरी याच्या शेजारी ठेवून ऐकली तर स्वर लावण्यातील हे मार्दव दोघांकडे एकच आहे, हे सहज ध्यानात येते. मात्र खाँसाहेबांच्या गाण्यात जी आर्तता आहे, तिच्या जागी हिराबाईंकडे प्रसन्नता आहे, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तो फरक कुटुंबातून आला नाही, तो हिराबाईंचा स्वतःचा आहे.

दोघांना जोडणारा दुवा म्हणजे सुरेशबाबू, आणि त्यांच्यावर मात्र काळाने अन्याय केला आहे. त्यांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे उपलब्ध आहे, 1953 मध्ये ते अकाली गेले आणि त्यांच्याकडे शिकलेल्यांचीच नावे लोकांच्या ओठी राहिली. हिराबाई, सरस्वतीबाई, माणिक वर्मा, प्रभा अत्रे, वसंतराव देशपांडे ही यादी एका गुरूची आहे, यावर एकदा विचार करून पाहावा. माणिकताईंचे आणि वसंतरावांचे गाणे एकाच्या तोंडासमोर दुसरे ठेवले, तर एकाच हाताखालून ही दोघे गेली असतील, असे कोणाला वाटणार नाही. शिष्याच्या गळ्याला स्वतःच्या साच्यात कोंबणारा गुरू असता, तर हे घडलेच नसते. रक्ताच्या वारशाचा मुद्दा येथे आपोआप निकालात निघतो, कारण या पाचांपैकी तिघे घराबाहेरचे आहेत.

शिवाय सवाई गंधर्वांना आपण विसरता कामा नये. कुंदगोळचा हा मुलगा खाँसाहेबांकडे शिकला आणि त्याच्याकडून भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत ही गायकी पोहोचली. त्यांच्यापैकी कोणाचाही कैरान्याशी नात्याचा संबंध नव्हता. दुसरीकडे खाँसाहेबांची पुतणी रोशनआरा बेगम हिने त्यांच्याकडेच शिकून मोठे नाव मिळवले, आणि फाळणीनंतर ती पाकिस्तानात स्थायिक झाली. घरच्या माणसाला विद्या मिळत नाही, असे कोणी म्हणत नाही. पण ती फक्त त्यालाच मिळते, या म्हणण्याला मात्र काडीचाही आधार नाही.

शुद्धकल्याण

दोघांचेही मनापासून आभार. सुरेशबाबूंविषयी इतके मला ठाऊक नव्हते. आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल. "आडवी गेलेली विद्या" प्रत्यक्ष शिकवणीत कशी दिसत असेल, याचे मला कुतूहल आहे.

उत्तर 3: खर्जाची_तार

ताई, मी या परंपरेत तिसऱ्या पिढीच्या शिष्यांपैकी आहे. माझ्या बाई सुरेशबाबूंच्या एका शिष्येकडे शिकल्या होत्या, तेव्हा मी जे सांगते आहे ते त्यांच्याकडे जसे पाहिले तसे सांगते.

बाईंकडे शिकवणी तानपुऱ्यापासून सुरू होई. तानपुरा विद्यार्थ्यानेच जुळवायचा. जोडीच्या तारा आधी, मग पहिली तार आणि शेवटी खर्ज. जोडीच्या दोन तारांत केसाइतके अंतर राहिले तरी बाई काही बोलत नसत, नुसत्या वाट पाहत बसत. आपल्याला ते ऐकू येऊन आपण मणी सरकवला की मगच पुढे. पहिल्या काही महिन्यांत अनेकदा असे झाले की सगळा वेळ जुळवण्यातच गेला आणि गाणे झालेच नाही. तेव्हा फार राग येई. पण कानाला जी सवय लागली, ती तेथेच लागली.

यमन शिकवताना बाईंनी बंदिश खूप उशिरा दिली. आधी मंद्र निषाद, ऋषभ आणि गंधार एवढ्याच स्वरांत राहायचे. निषादावर थांबून षड्जाकडे बघायचे पण त्याला स्पर्श करायचा नाही, ऋषभावरून गंधाराला जायचे ते कधी सरळ, तर कधी निषादाला पुन्हा भेटून. बाई एक वाक्य गात, मी ते म्हणे, त्या पुन्हा तेच थोडे वेगळे गात. "हे असे का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून त्या आणखी एक आलाप घेत. गंधाराला पुरेसे रमल्याशिवाय तीव्र मध्यमाचे दार उघडत नसे. वहीद खाँ यांची स्वरांची बढत म्हणून जी गोष्ट वर आली आहे, ती विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती अशी.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. या पद्धतीत गुरूला विद्यार्थ्याजवळ बसावे लागते, पुष्कळ वेळ द्यावा लागतो, आणि वही-पुस्तकाने ते काम भागत नाही. कुटुंबात हा वेळ विनासायास मिळतो, एवढाच घरच्या मुलांचा खरा फायदा. धाकटी बहीण स्वयंपाकघरात असली तरी भावाचा रियाज तिच्या कानांवर पडतो आणि चुकलेला स्वर तेथल्या तेथे सुधारला जातो. बाहेरच्या शिष्याला हा वेळ मिळवावा लागतो, आणि गुरूने तो द्यावा लागतो. प्रभाताईंनी (प्रभा अत्रे यांनी) तो मिळवला. 1932 चा त्यांचा जन्म, घरात गाण्याची पूर्वपरंपरा नाही, आणि सुरेशबाबू गेले तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. त्यानंतर हिराबाईंनी त्यांना आपल्याबरोबर मैफलींना नेले, मागे तानपुऱ्यावर बसवले आणि गायला लावले. ही शिकवणी कोणत्याही खोलीत होत नाही. रागाची निवड कशी करावी, सभा थंड असली तर काय गावे, साथीदाराला कसे सांभाळावे, हे सारे मागे बसूनच कळते. पुढे प्रभाताईंनी सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि स्वतःची नवी बंदिशरचना केली. खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताच्या सहवासातून जी सरगम उचलली होती, तिला शास्त्रीय बैठक देण्याचे काम एका बाहेरून आलेल्या शिष्येने केले.

हिराबाईंच्या गाण्याबरोबर त्यांच्या वागण्याचीही एक शिकवण होती आणि माझ्या बाई ती फार मानत. तिकीट लावून बाईचे गाणे जाहीर सभागृहात व्हावे, कुटुंबासह लोकांनी ते ऐकावे, ही गोष्ट हिराबाईंनी रूढ केली. साधे पातळ, अंगभर पदर, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर ताण नाही. 1921 मध्ये मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या संगीत परिषदेत त्या गायल्या, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे भावंडांनी मिळून नाटक मंडळीही काढली, ती कर्जात बुडाली आणि ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. माझ्या पिढीतील मुलींना गाणे शिकायला घरून आडकाठी झाली नाही, याचे श्रेय मी त्या पांढऱ्या पातळातील बाईंना देते.

आपल्या मुलीला एक सुचवावेसे वाटते. तिने हिराबाई आणि सरस्वतीबाई यांची जुगलबंदी मिळवून ऐकावी. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात वाढलेल्या, तरी आवाजांची जात निराळी. हिराबाईंचा आवाज मृदू, तर सरस्वतीबाईंचा अधिक लवचीक आणि चपळ. एकीने सोडलेली जागा दुसरी उचलते तेव्हा तिच्या पद्धतीने उचलते. त्यानंतर प्रभाताईंचे मारूबिहाग किंवा कलावती ऐकावे आणि मग तिच्या गुरूंना विचारावे की, आज आपण किती वेळ निषादावर बसायचे आहे.