उघड दिसणं हा निकष नाही

भूमितीतलं गृहीतक म्हणजे इतकं उघड सत्य, की त्याला सिद्धता लागतच नाही, असं म्हटलं जातं. हे पटत नाही. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे कुणालाही नुसतं बघून कळतं. तरी प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने ते सिद्ध केलं (त्याच्या 'एलिमेंट्स'चा पहिला ग्रंथ, 20वं विधान). उलट त्याचं पाचवं, समांतर रेषांचं गृहीतक वाचायलाच अवघड. ते बाकीच्या चारांतून निघतं का, यावर लोकांनी दोन हजार वर्षं डोकेफोड केली. 1733 मध्ये इटालियन गणिती साकेरीने हे पाचवं गृहीतक खोटं मानून विसंगती शोधायचा प्रयत्न केला आणि विचित्र पण सुसंगत प्रमेयांचा (सिद्ध केलेल्या विधानांचा) ढीग रचला. पुढे रशियन गणिती लोबाचेव्हस्की आणि हंगेरियन गणिती बोल्याई यांनी तीच वेगळी भूमिती म्हणून मांडली. तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा कमी भरते. म्हणजे '180 अंश' हे प्रमेय त्या पाचव्या गृहीतकाच्या जिवावर उभं आहे.

आणि तेच विधान गृहीतकांच्या एका मांडणीत प्रमेय, तर दुसरीत गृहीतक असू शकतं. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीच घ्या: दोन बाजू आणि त्यांमधला कोन सारखे असले, की दोन त्रिकोण एकरूप. युक्लिड ती एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवून सिद्ध करतो, पण असा त्रिकोण उचलता येतो हे त्याच्या कुठल्याच गृहीतकात नाही! जर्मन गणिती हिल्बर्टने 1899 मध्ये तिचा गाभा सरळ गृहीतक म्हणूनच घेतला. त्यामुळे 'हे गृहीतक की प्रमेय?' असं विचारताना कोणत्या मांडणीत, हेही सांगावं लागतं.