कवितासंग्रहावर कोणते नाव घालावे: कागदोपत्री असलेले की स्वतः निवडलेले?

रानजाई

सर्वांना नमस्कार.

माझा पहिला कवितासंग्रह दिवाळीच्या सुमारास प्रसिद्ध होणार आहे. प्रुफे वाचून झाली आहेत, पण मुखपृष्ठ एका प्रश्नापाशी अडून राहिले आहे. नियतकालिकांत मी पहिल्यापासून 'रानजाई' या नावाने लिहीत आले. प्रकाशकांचे म्हणणे असे, की पुस्तकावर नुसते टोपणनाव घालू नये. 'खरे नाव' ठळक छापावे आणि टोपणनाव त्याखाली लहान अक्षरांत द्यावे. यजमानांचे आणि मुलीचे मतही तसेच आहे.

माझे खरे नाव कोणते, हेच मला नीट सांगता येत नाही. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव सुनीता. माहेरी ते शाळेच्या दाखल्यापुरतेच राहिले, कारण घरात सगळे मला छकुली म्हणत आणि थोरले भाऊ आजही म्हणतात. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने मृणाल हे नाव लिहिले गेले आणि त्याबरोबर मधले नाव व आडनावही बदलले. बँकेतल्या नोकरीत मी आडनावाला जोडलेली 'मॅडम' होते. यांपैकी कोणत्याही नावाविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही, त्या त्या नावाने मला माया आणि मान दोन्ही मिळाले. पण त्यांतले एकही मी निवडलेले नाही. 'रानजाई' तेवढे मी निवडले.

माझी खरी अडचण यापुढची आहे. मृणाल म्हणून मी बोलते तेव्हा शब्द जपून वापरते, वाद टाळते, आलेल्या माणसाला काय आवडेल याचा आधी विचार करते. रानजाई म्हणून लिहिताना माझ्याकडून राग, हट्ट, एकटे राहण्याची ओढ असे पुष्कळ काही लिहिले जाते आणि ते खोटे आहे असे मला कधीही वाटत नाही. प्रुफे वाचून मुलगी म्हणाली, "आई, यातली बाई मला भेटलेली नाही." तेव्हापासून मी विचारात पडले आहे. निवडलेले नाव आपल्यात मुळातच असलेला स्वभाव बाहेर काढते, की नवाच स्वभाव घडवते? आणि ज्या नावाने घरातले कोणी मला ओळखत नाही, ते मुखपृष्ठावर एकटे छापणे प्रामाणिकपणाचे होईल का? ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदाकाठचा वाचक

ताई, आपल्या कवितेला टोपणनावाची जी मोठी परंपरा आहे, तिच्याकडे पाहिल्यास आपल्या प्रश्नातला 'खरे की निवडलेले' हा विरोध बराच सौम्य होतो असे मला वाटते.

राम गणेश गडकरी वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, १९१९ मध्ये गेले. पण तेवढ्या आयुष्यात त्यांनी कविता 'गोविंदाग्रज' म्हणून लिहिली, विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून लिहिले आणि नाटके स्वतःच्या नावाने दिली. आर्त प्रेमकविता लिहिणारा आणि पोट धरून हसवणारा माणूस एकच आहे, हे वाचकांपासून लपून राहिले नव्हते. तरीही नावे वेगळी राहिली, कारण प्रत्येक नावाबरोबर वाचकाच्या मनाची तयारी बदलत असे आणि, माझा अंदाज असा की, लिहिणाऱ्याचीही बदलत असावी. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कादंबऱ्या आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, तर कवितेसाठी 'आरती प्रभू' हे नाव घेतले. त्या नावातला 'आरती' हा शब्द आपण एरवी मुलीचे नाव म्हणून ऐकतो; पण त्यांची कविता वाचताना तसा प्रश्न मनात येतच नाही, इतके ते नाव त्या कवितेत मुरले आहे.

नाशिकचा असल्याने कुसुमाग्रजांविषयी थोडे अधिक लिहितो. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले, म्हणजे आपल्यासारखेच त्यांचे स्वतःचे नाव आणि मधले नाव दोन्ही दुसऱ्यांनी बदलले. पुढे कवी म्हणून नाव निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी धाकट्या बहिणीचे, कुसुमचे, नाव पुढे केले आणि स्वतःला तिचा थोरला भाऊ म्हटले. दत्तकविधीने कागदावर जे नाते बदलले असेल, ते कवीने निवडलेल्या नावात जसेच्या तसे राहिले, असे मी समजतो. 'नटसम्राट' (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे आणि 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची, ही वाटणी वाचकांच्या अंगवळणी पडली आहे. नाशिककरांना मात्र ही दोन्ही नावे लांबची वाटत. गावात ते तात्यासाहेब होते.

याच धाग्याने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला फार विलक्षण वाटते. कृष्णाजी केशव दामले यांनी स्वतःला 'केशवसुत' म्हटले. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिताना 'केशवकुमार' हे नाव घेतले, कारण त्यांच्याही वडिलांचे नाव केशव होते. गोविंदाग्रज हे धाकट्या भावावरून आलेले, कुसुमाग्रज बहिणीवरून. काय हवे ते नाव घेण्याची मोकळीक असताना या कवींनी आपण कोणाचे तरी मुलगे किंवा भाऊ आहोत असेच सांगितले. त्यामुळे निवडलेले नाव म्हणजे घरापासून तुटणे, अशी भीती आपण बाळगू नये. मुखपृष्ठावर 'रानजाई' घालावे आणि आतल्या पानावर कवयित्रीच्या परिचयात बाकीची नावे द्यावीत, असे मी सुचवीन.

उत्तरा

गोदाकाठचे वाचक यांचे विवेचन मला आवडले, पण त्यांच्या उदाहरणांत सगळे पुरुष आहेत आणि त्याने चित्र अर्धे राहते. गडकऱ्यांनी तीन नावे वापरली ती तीन प्रकारच्या लेखनासाठी. त्यांपैकी कोणतेही नाव उघड झाल्याने त्यांच्या दारावर दगड पडणार नव्हते. स्त्रीने घेतलेल्या नावाचा इतिहास वेगळा आहे.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालते, त्यांच्या मिळकतीवर घर कसे विसंबते आणि त्यांचे लग्न कसे लांबत जाते, हे त्या काळात कोणी इतक्या स्पष्टपणे लिहिले नव्हते. मोठे वादळ उठले आणि पुस्तकात काय म्हटले आहे यापेक्षा ही विभावरी कोण याचाच शोध अधिक घेतला गेला. त्या होत्या बाळूताई खरे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. आपण खरे नाव विचारता, म्हणून हा क्रम मुद्दाम लक्षात घ्या: लेखनाचे नाव आधी आले आणि ज्याला पुढे सर्वांनी 'खरे नाव' मानले ते नंतर आले. 'बळी' (१९५०) ही कादंबरीही विभावरी शिरूरकर याच नावाने ओळखली जाते. संरक्षणासाठी घेतलेले नाव संरक्षणाची गरज संपल्यावरही टिकले, याचा अर्थ ते नुसता बुरखा राहिले नव्हते. त्या नावाने केलेल्या कामाने ते कमावलेले नाव झाले होते.

आपल्या मुलीचे वाक्य मी अनेकदा वाचले. तिला ती बाई भेटली नाही हे खरे असेल, पण ती बाई तिच्या घरातच राहत होती. आपण मृणाल म्हणून जपून बोलता याचे कारण मृणाल या नावाबरोबर सून, वहिनी, आई, काकू अशी नाती आली आणि प्रत्येक नात्याने वागण्याची एक रीत सांगितली. रानजाईला कोणी नणंद नाही, म्हणून ती चिडू शकते. स्वभाव नवा घडला असे मी म्हणणार नाही. ज्या नावावर कोणाचा हक्क नव्हता त्या नावाखाली त्याला बोलायला जागा मिळाली. प्रकाशकांना 'खरे नाव' म्हणजे आधार कार्डावरचे नाव अभिप्रेत आहे, एवढेच. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. ती रीत आहे, आणि ज्यांना ती पाळायची आहे त्यांनी जरूर पाळावी. पण रीतीने आलेले नाव अधिक प्रामाणिक आणि विचार करून निवडलेले नाव कमी प्रामाणिक, हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

अधिवक्ता_पुणे

चर्चा वाङ्मयीन अंगाने चालली आहे, त्यात एक व्यावहारिक बाब नोंदवतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात टोपणनावाने प्रसिद्ध होणाऱ्या साहित्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. लेखकाची ओळख उघड नसेल तर प्रताधिकार पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर येणाऱ्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ती मुदत संपण्यापूर्वी ओळख उघड झाली, तर मात्र नेहमीचा नियम लागू होऊन तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वारसांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. म्हणून मुखपृष्ठावर टोपणनाव जरूर घालावे, परंतु आतल्या पानावरील प्रताधिकाराच्या ओळीत आपले कायदेशीर नाव असावे आणि प्रकाशकाशी होणाऱ्या करारात दोन्ही नावे स्पष्ट लिहिलेली असावीत. टोपणनाव घेण्यासाठी राजपत्रात नावबदलाची जाहिरात देण्याची आवश्यकता नाही.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. करारात दोन्ही नावे घालण्याची सूचना आजच प्रकाशकांना कळवते.

उत्तराताई, "कोणाचा हक्क नव्हता" हे आपले शब्द मनाला लागले. पण त्यातूनच एक शंका उभी राहते. ज्या नावावर कोणाचा हक्क नाही, त्या नावाने हाक मारणारेही कोणी नाही. 'रानजाई' हे मी फक्त छापलेले पाहिले आहे, कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. हाक नसलेले नाव माणसाची ओळख होऊ शकते का?

कृष्णाकाठ

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते, म्हणून आपल्या या दुसऱ्या प्रश्नावर लिहावेसे वाटले.

आमच्या भागात मुलीवर मुलगी झाली की तिचे नाव 'नकुसा' ठेवण्याची पद्धत होती. नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, असा समज होता. २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला आणि अडीचशेहून अधिक मुलींचे साताऱ्यात समारंभपूर्वक नवे नामकरण झाले. हजेरीपट, दाखले, शिधापत्रिका यांवर नवी नावे आली. समारंभाची बातमी सगळीकडे झाली. पण नाव बदलण्याचे खरे काम त्यानंतर सुरू होते. कागद एका दिवसात बदलतो, गल्लीतली हाक बदलायला फार वेळ लागतो. शेजारीण जुन्याच नावाने बोलावते, आजीच्या तोंडी तेच बसलेले असते. अशा मुलीला मी नव्या नावाने हाक मारत असे तेव्हा सुरुवातीला ती ओ देत नसे. मग एकदम आठवून उभी राहत असे. वर्गातल्या इतर मुलींनी ते नाव उचलले की मात्र चित्र झपाट्याने पालटे. तेव्हा आपली शंका रास्त आहे. निवडलेल्या नावाला हाक लागते, आणि पहिली हाक कोणीतरी ठरवून मारावी लागते.

नावावरून स्वभाव ठरतो असे मात्र मी कधीच मानले नाही. नकुसा नावाच्या मुली वर्गात पुढे बसून उत्तरे देताना मी पाहिल्या आहेत. ते नाव मुलीविषयी काहीच सांगत नव्हते, घरच्यांच्या इच्छेविषयी सांगत होते. दगडू, धोंडू, केरू, भिकू या नावांचेही तसेच. पाठची-पुढची मुले दगावलेल्या घरात, हे तरी जगावे, कोणाची दृष्ट लागू नये, म्हणून आई-बाप असे टाकाऊ वाटणारे नाव ठेवत. म्हणजे एके ठिकाणी ओबडधोबड नावामागे नकोसेपणा, तर दुसरीकडे काळजाचा ठाव सुटलेली माया. नुसत्या नावावरून यांतले काय ते ओळखता येत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची मांडणी या दृष्टीने अवश्य पाहावी. दगडू मारुती पवार हे त्यांचे जन्मनाव. पुस्तकात दगडू आणि दया समोरासमोर येतात. गावकुसाबाहेर वाढलेला एक आणि शहरात लेखक म्हणून ओळख मिळालेला दुसरा. नव्या नावाने जुन्याला पुसून टाकले असते तर ते पुस्तक झालेच नसते. दया हे नाव मिळाल्यामुळे दगडूकडे पाहायला एक माणूस उभा राहिला. आपल्या मुलीने म्हटले ते मला याच्याशी जोडलेले वाटते. रानजाईने मृणालकडे आणि छकुलीकडे पाहिलेले आपल्या कवितांत असेल, तर ते मुलीला दाखवा; तिला अनोळखी वाटणाऱ्या बाईची तिथे ओळख होईल.

आपण प्रकाशन समारंभ करणार असाल तर निवेदकाला आधीच सांगून ठेवा, की व्यासपीठावर बोलावताना 'कवयित्री रानजाई' असेच म्हणावे आणि निमंत्रणपत्रिकेवरही तसेच छापावे.

रानजाई

मुखपृष्ठावर 'रानजाई' एवढेच राहील, असे आज प्रकाशकांना कळवले आणि त्यांनी फारसे आढेवेढे न घेता मान्य केले. प्रताधिकाराच्या ओळीत मृणाल हे नाव पूर्ण येईल. परिचयात सुनीताही असावी, असे यजमानांनी आपणहून सुचवले. अर्पणपत्रिका भावांच्या नावे आहे आणि तिच्याखाली मी 'छकुली' अशी सही करणार आहे. मुलीशी अजून बोलणे झालेले नाही; ती पुढच्या आठवड्यात घरी येते आहे, तेव्हा कृष्णाकाठ यांनी म्हटल्याप्रमाणे काही कविता तिच्यासोबत बसून वाचीन.