'वुई गॉना सेंड': बोलतात ते लिहावं का?

रावेरहून प्रश्न: आमची केळी आखाती देशांत जाते. परवा भावाने खरेदीदाराला मेल केला, 'वुई गॉना सेंड टू कंटेनर्स ऑन मंडे'. मी म्हटलं चुकलं. तो म्हणतो, सगळे असंच बोलतात. कोण बरोबर?

भुसावळहून उत्तर: बोलतात हे खरंय, पण भावाचं वाक्य अर्धवट आहे. 'गॉना' म्हणजे भरभर म्हटलेलं 'गोइंग टू'. त्याच्या आधी 'आर' हवाच: 'वुई आर गॉना सेंड'. बोलण्यात तो 'आर' कानाला जेमतेम लागतो, म्हणून लिहिताना गळतो. तरी मालाच्या मेलमध्ये 'वुई विल सेंड' लिहा आणि सोबत तारीख टाका. दोस्ताला चॅटवर 'गॉना' खुशाल लिहू दे.

आपणही हेच करतो की. 'येतोय' हे 'येतो आहे'चं आखडलेलं रूप, पण रजेच्या अर्जात आपण 'येत आहे' लिहितो. घरी 'मी जाई ऱ्हायनू' म्हणणारा माणूस तलाठ्याकडच्या अर्जात 'जात आहे' लिहितो. यात अहिराणीला कमीपणा नाही. माझी आई जन्मभर तीच बोलली, आणि तिच्याइतकं नेमकं बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

शिकवणीत मुलं आणखी एका जागी हमखास अडकतात. 'गॉना'नंतर क्रियापद येतं, गावाचं नाव नाही. 'आय ॲम गॉना ईट' चालतं, 'आय ॲम गॉना जळगाव' चालत नाही. तिथे 'गोइंग टू जळगाव' असं पूर्णच हवं. 'वॉना'चंही बघा: 'आय वॉना' ठीक, पण 'ही वॉना' नाही, 'ही वॉन्ट्स टू'.

धुळ्याहून: 'आय शुड ऑफ कॉल्ड' असं चक्क इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी लिहिलेलं वाचलंय. मग ते बरोबर?

भुसावळ: नाही, चूकच. मूळ 'शुड हॅव'. बोलताना 'हॅव'चा नुसता 'अव्ह' उरतो आणि तो 'ऑफ'सारखा ऐकू येतो. त्यांनी भाषा आधी कानाने घेतली, म्हणून ही चूक त्यांच्याकडे जास्त. आपण पुस्तकातून शिकलो, त्यामुळे आपल्या मुलांच्या वहीत ती मला क्वचितच दिसते.

चोपड्याहून: आणि 'आउट ऑफ स्टेशन'?

भुसावळ: आमच्या गावात लहानपणी सगळ्यांना ते रेल्वेचंच स्टेशन वाटायचं! पण इंग्रजी अमलात साहेब लोकांची नेमणूक आणि वस्ती जिथे असे, त्या ठिकाणाला 'स्टेशन' म्हणत. साहेब दुसरीकडे गेला की 'आउट ऑफ स्टेशन'. भारतात कुणालाही लिहा, कळतं. मला तो शब्द आवडतोही. रावेरच्या भावाने मात्र परदेशी खरेदीदाराला 'आउट ऑफ टाउन' लिहावं, नाहीतर तो माणूस स्टेशन कुठलं ते विचारत बसेल.