लघुग्रहाचं पिधान: यूएसबी कॅमेऱ्याने अचूक वेळ कशी मिळवायची?

निरभ्र_रात्र
पुढच्या महिन्यात एक लघुग्रह ११ मॅग्निट्यूडच्या ताऱ्यावरून जाणारे, म्हणजे पिधान, तारा जास्तीत जास्त दीड सेकंद गायब. ८ इंची दुर्बीण आणि यूएसबी सीमॉस कॅमेरा आहे, ०.१ सेकंद एक्स्पोजरला तारा नीट दिसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमवर लॅपटॉपची वेळ टाकतंच, मग लॅपटॉप इंटरनेटवरून सिंक केला की भागेल ना? का जीपीएस लागणारच?

दुर्बीणवेडा
विंडोजच्या सिंकवर विसंबू नका, ते अधूनमधून वेळ जुळवतं आणि मधल्या काळात घड्याळ खुशाल भरकटतं. माइनबर्गचं एनटीपी (नेटवरून घड्याळ सतत जुळवत राहणारं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे, काही तास आधीपासून चालू ठेवा. चांगल्या नेटवर घड्याळ काही मिलिसेकंदांत बसतं. माझ्या मते एवढं पुरे.

छायापथ
अर्धं पटलं. घड्याळ कितीही बरोबर असलं तरी फ्रेमवर पडते ती वेळ फ्रेम लॅपटॉपला पोचल्याची, उजेड सेन्सरवर पडला तेव्हाची नाही, मध्ये एक्स्पोजर, रीडआउट, यूएसबी, ड्रायव्हर सगळे आपापला वाटा खातात आणि सेटिंग बदललं की हा उशीरही बदलतो. सावली सेकंदाला १०-२० किमी पळते, म्हणजे ०.१ सेकंद चुकला की लघुग्रहाची कड एक-दोन किमी सरकलीच. आणि ही चूक एकट्याला कळत नाही, कारण उशीर तारा जाताना आणि परत येताना साधारण सारखा असल्याने कालावधी बरोबरच येतो, दुसरीकडच्या निरीक्षकाची जीवा (त्याच्या वेळांवरून लघुग्रहावर आखलेली आडवी रेघ) शेजारी मांडली की मग दिसतं आपली एका बाजूला घसरलीय.
उपाय: जीपीएस मॉड्यूलच्या पीपीएस (दर सेकंदाला एक ठोका) सिग्नलवर एक एलईडी लावा, दर सेकंदाच्या ठोक्याला लुकलुकेल. पिधानाच्या आधी आणि नंतर थोडा वेळ तो दुर्बिणीच्या तोंडाशी धरून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या, ऐन पिधानात नको. फ्लॅश कुठल्या फ्रेममध्ये सुरू झाला आणि त्या फ्रेमवर काय वेळ आहे हे बघितलं की उशीर हातात येतो. कुठला सेकंद हे एनटीपी सांगेल, सेकंदाची कड पीपीएस.

जुना_वॅटेक
मी अजून अ‍ॅनालॉग कॅमेरा आणि जीपीएस टाइम इन्सर्टरवालाच, वेळ थेट व्हिडिओच्या प्रत्येक फील्डवर छापली जाते, PAL पद्धतीचा व्हिडिओ असेल तर २० मिलिसेकंदांचं फील्ड (अर्धी फ्रेम). पण इथेही इंटिग्रेशन (अनेक फ्रेमचा उजेड एकत्र साठवणं) लावलं की छापलेली वेळ उशिराची असते, ती कॅमेऱ्याच्या तक्त्यावरून वजा करावी लागते, लोक हे सर्रास विसरतात. आणि एक, जीपीएस बराच वेळ बंद असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करा. जीपीएस वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे असते, हा फरक उपग्रहाकडून येईपर्यंत काही मॉड्यूल चुकीचा सेकंद दाखवतात.

निरभ्र_रात्र
एलईडी जमेल, सोल्डरिंग येतं. पण माझा सेन्सर रोलिंग शटरचा आहे, त्याने फरक पडेल?

छायापथ
पडतो, प्रत्येक ओळ थोडी उशिरा वाचली जाते. फ्रेमची उंची कमी ठेवा, तारा आणि एक-दोन तुलनेचे तारे मावतील इतपतच, आणि तारा कुठल्या ओळीवर आहे ते नोंदवा. फ्लॅश मोजतानाही ताऱ्याच्या आसपासच्याच ओळी घ्या, मग तो फरक आपोआप त्यातच मोजला जातो. फ्लॅश घेतल्यावर एक्स्पोजर, फ्रेमचा आकार काहीही बदलायचं नाही हं. एव्हीआय नको, एसईआर फॉरमॅट घ्या, त्यात फ्रेमनिहाय वेळ साठते, गळलेल्या फ्रेम लगेच सापडतात. नंतर पायमूव्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशवक्र (ताऱ्याच्या तेजाचा वेळेनुसार आलेख) काढा. तारा झाकला गेलाच नाही तरी रिपोर्ट पाठवा, सावलीची हद्द त्यावरूनच ठरते.