मुलीला व्हॉलिबॉलमध्येच पुढे जायचे आहे, वाट कोणती?

एक आई, कोथरूड:
नमस्कार. माझी मुलगी अकरावीत वाणिज्य शाखेला आहे. वय १६, उंची ५ फूट ८ इंच. सातवीपासून ती व्हॉलिबॉल खेळते आणि यंदा जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. बारावीनंतर आपण पूर्ण वेळ खेळणार, असे तिने आम्हाला सांगितले आहे. क्रिकेट खेळणाऱ्या मुलींचे लिलाव दूरदर्शनवर दिसतात, पण व्हॉलिबॉल खेळणारी मुलगी पोट कशावर भरते, हा तिच्या बाबांचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मलाही देता येत नाही. तिला अडवायचे नाही. मात्र ती कुठे चालली आहे, ते आम्हाला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

माजी खेळाडू, खडकी:
ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. आपल्याकडे महिला व्हॉलिबॉलपटूचे घर लीगवर नव्हे, नोकरीवर चालते. २०२२मध्ये सुरू झालेली प्राइम व्हॉलिबॉल लीग पुरुषांची आहे. मुलींना वर्षानुवर्षे आधार दिला तो रेल्वेने, आणि केरळात तिथल्या पोलिसांच्या व राज्य वीज मंडळाच्या संघांनी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि केरळ समोरासमोर आले की आम्ही मुली जेवण विसरून सामना पाहत असू. रेल्वेच्या क्रीडा कोट्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, कामगिरीची प्रमाणपत्रे लागतात आणि त्यानंतर मैदानावर चाचणी होते. पगार इतर कर्मचाऱ्यांसारखाच मिळतो. खेळ थांबला तरी नोकरी राहते. मी १९व्या वर्षी लागले, २९व्या वर्षी गुडघ्याने थांबवले, आणि आज त्याच खात्यात काम करते. ती १० वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वर्षे होती, हे मी मनापासून लिहिते आहे.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. माझ्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलीचे प्रमाणपत्र केवळ ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नव्हती म्हणून बाद झाले, आणि तोवर तिची तीन वर्षे निघून गेली होती. तेव्हा प्रत्येक स्पर्धेआधी ती कोणाची आहे, हे विचारा, आणि सगळी प्रमाणपत्रे एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवा. पदवीचे शिक्षणही सोडू देऊ नका. त्यामागे नोकरीइतकेच दुसरे एक कारण आहे: महाविद्यालयात असल्याशिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येत नाही, आणि निवड करणाऱ्यांच्या नजरेत पुष्कळ मुली तिथेच येतात.

प्रशिक्षक, सदाशिव पेठ:
वरील मजकुराशी मी सहमत आहे. फक्त खेळाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. तुमची मुलगी बहुधा स्मॅशर, म्हणजे जाळीवरून चेंडू जोरात मारणारी खेळाडू, असेल. आपल्या शाळांत उंच मुलगी दिसली की तिला चौथ्या जागेवर, म्हणजे जाळीजवळ डावीकडे, उभी करून फक्त मारायला शिकवतात आणि सर्व्हिस घेण्याचे काम बुटक्या मुलींकडे जाते. महिलांची जाळी २.२४ मीटर, म्हणजे साधारण ७ फूट ४ इंच असते. जिल्हा पातळीवर ५ फूट ८ इंच ही मोठी उंची आहे, परंतु वर गेल्यावर समोरचा ब्लॉक, म्हणजे जाळीवर हात उंचावून चेंडू अडवणारी फळी, ६ फुटांच्या मुलींचा असतो आणि केवळ मारता येणारी खेळाडू तिथे अडकते.

दक्षिण कोरियाची किम यॉन क्युंग शाळेत बराच काळ बुटकी होती, म्हणून ती चेंडू उचलायला आणि पास द्यायला शिकली. पुढे उंची १९२ सेंटिमीटरपर्यंत गेली, तरी ते कसब तिच्याकडे राहिले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोरिया चौथा आला, तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. जपान, तुर्कस्तान, चीन असे देश खेळून ती २०२५मध्ये मायदेशी निवृत्त झाली. क्लबच्या पगारावर जगणाऱ्या खेळाडूची कारकीर्द अशी असते: करार बहुधा एका हंगामाचा, दर वर्षी नवे शहर, नवी भाषा, आणि देश बदलताना आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र. सर्वांत तगड्या लीग इटली आणि तुर्कस्तानात आहेत. कोरियाच्या लीगने २०२३पासून संघांत एका आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा ठेवली, ही आपल्या मुलींनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

त्यामुळे पुढची दोन वर्षे तिला सर्व्हिस घेणे, मागच्या रांगेतला बचाव आणि जमल्यास सेटरचे, म्हणजे स्मॅशरला मारण्यासाठी चेंडू उंच उचलून देण्याचे काम, हे सारे शिकू द्या. ५ फूट ८ इंचांची सेटर कोणत्याही राज्य संघाला हवीच असते.

फिजिओथेरपिस्ट, औंध:
माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये घोटा मुरगळल्याच्या तक्रारी सर्वाधिक असतात. जाळीखाली दुसऱ्याच्या पायावर पाय पडतो. गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याची सवय आतापासूनच लावावी. सिमेंटच्या मैदानावर रोज शेकडो उड्या नकोत. आणखी एक गोष्ट आयांना संकोच न बाळगता सांगते: सराव वाढल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर ते थकव्याचे म्हणून सोडून देऊ नका. आहार अपुरा पडत असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो.

एक आई, कोथरूड:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री तिच्या बाबांना हे सारे वाचून दाखवले. ती चौथ्या जागेवरच खेळते, हे सरांनी अचूक ओळखले. सेटर होण्याचे सुचवले तर तिला ते कमीपणाचे वाटते. तिला कसे समजवावे?

माजी खेळाडू, खडकी:
ताई, तिला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. आम्ही जुन्या मुली अजून जमतो. चेंडू आपल्या बाजूला आला की दुसरा स्पर्श बहुतेक वेळा सेटरचाच असतो, हे तिला तासभर उभी राहून पाहू द्या. गुडघ्यांचे पॅड मात्र आठवणीने द्या, आमचे मैदान मुरमाचे आहे.