मदत हवी आहे: मुलाने माझ्या बाइकला टर्बो बसवून सायलेन्सर काढलाय. रस्त्यावर चालेल का?

नमस्कार मंडळी. राहायला बडोद्यात, दांडिया बाजारात. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. त्याने दोन मित्रांना घेऊन साडेतीनशे सीसीच्या जुन्या गाडीला (माझ्याच!) भंगारातल्या छोट्या डिझेल कारचा टर्बो बसवलाय (एक्झॉस्टच्या वायूने त्याची टर्बाइन फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबली जाते). आमचे आजोबा कलाभवनात (इथली जुनी तंत्रशिक्षणाची संस्था) शिकलेले, त्यामुळे घरात पान्ह्यांचं वेड जुनंच, आणि खरं सांगायचं तर कौतुक मलाही आहे. टर्बाइनचं चाक हातात घेऊन पाहिलं, जेमतेम लिंबाएवढं.

अडचण आवाजाची. कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर गेलाय. टर्बोच्या पुढे हातभर सरळ पाइप, आणि वेस्टगेटमधून (दाब वाढला की उघडणारी टर्बोची झडप) सुटणारा जादा वायू बोटाएवढ्या वेगळ्या नळीतून थेट बाहेर. हळू चालवली तर नुसती शीळ ऐकू येते. पण चढावर दामटली की ती नळी अशी किंचाळते की आमच्या फडताळातली पातेली थरथरतात. रविवारी शेजारचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, "भाई, आ शुं छे, विमान?"

मुलगा म्हणतो, टर्बाइन हाच सायलेन्सर. सीसी तेच आहे, मग आरसीत फरक कसला? शिवाय त्याने मोबाइलवर अर्ध्या मीटरवरून आवाज मोजला, ९८ डेसिबल. नियमातले ८० हे साडेसात मीटरवरचे, म्हणून अंतराचे साडेतेवीस वजा केले की ७५ च्या आतच. हा हिशेब मला खोडता येईना. कुणी जाणकार सांगेल का? आणि आरटीओत नोंद करून घेता येते का?

प्रतिसाद १:
काका, हिशेब अर्धा बरोबर आहे, तीच पंचाईत. टर्बाइन एक्झॉस्टचे ठोके गिळतं हे खरं. पण १९८२ ची होंडा सीएक्स ५०० टर्बो घ्या किंवा कावासाकीची जीपीझेड ७५० टर्बो, दोन्हींना टर्बोच्या पुढे पूर्ण सायलेन्सर होतेच. आणि वेस्टगेट उघडलं की वायू टर्बाइनला वळसा घालून जातो, मग गिळणार कोण?

१७५ सीसीवरच्या दुचाकींचे ते ८० डेसिबल पूर्ण रेस देऊन माइकसमोरून गाडी नेताना मोजतात. मुलाने मोजली उभी गाडी. इंजिनावर भार नाही तर बूस्टही (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नाही, म्हणजे ती नळी तेव्हा गप्पच होती.

आता कायदा. आकडा जमला तरी सुटका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं कलम १९०(२) वेगळं: पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर तीन महिने लायसन्स बाद. घरी वेल्डिंग केलेला टर्बो आरटीओ आरसीवर चढवणार नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण.

प्रोजेक्ट म्हणून ठेवायचा असेल तर वेस्टगेटची नळी मुख्य पाइपात परत जोडा, पुढे माळ्यावरचा सायलेन्सर लावा, आणि कॉलेजात टेम्पोतून न्या. आणि हो, १८२ए मधला मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. म्हणजे तुम्ही.

धागालेखक:
मनापासून आभार. उभ्या गाडीचा मुद्दा ऐकून पोरगा खजील झाला. शेवटचं वाक्य मात्र मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग गाडी माझ्या नावावर करा ना, बाबा." तूर्त किल्ली माझ्या खिशात आहे.